दोन देशांच्या निम्न माध्यमिक शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन देशांचे शिक्षणखर्चाचे आकडे शेजारी ठेवून कोणता देश मुलांवर अधिक खर्च करतो हे सांगणे वरवर सोपे वाटते. निम्न माध्यमिक टप्प्याच्या बाबतीत मात्र ते विशेष अवघड आहे, कारण हा टप्पा प्राथमिक आणि उच्च माध्यमिक यांच्या मधोमध सापडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडा देशागणिक सरकतात. विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार आणि संशोधनाची सुरुवात करणारे अभ्यासक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

निम्न माध्यमिक शिक्षण म्हणजे नेमक्या कोणत्या इयत्ता?

प्रत्येक देशाची उत्तरे वेगळी असल्यामुळे युनेस्कोने १९७० च्या दशकात शिक्षणाच्या टप्प्यांचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण तयार केले. १९९७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, तर सध्या वापरात असलेली आवृत्ती २०११ ची आहे. ‘आयएससीईडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वर्गीकरणात शून्य ते आठ असे स्तर असून निम्न माध्यमिक शिक्षण हा त्यातील क्रमांक दोनचा स्तर आहे. बहुतेक देशांत तो वयाच्या दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पहिलीपासून मोजल्यास साधारणपणे आठ ते अकरा वर्षांचे शिक्षण पूर्ण झाल्यावर संपतो. एक वर्गशिक्षक सगळे विषय शिकवतो ही प्राथमिक टप्प्याची रीत मागे पडून विषयवार शिक्षक येऊ लागतात, ही या स्तराची ठळक खूण आहे. खर्चाच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहे, हे पुढे दिसेलच.

देशांतर्गत नावांवर विसंबू नये. भारतात सहावी ते आठवी या इयत्तांना उच्च प्राथमिक म्हणतात, पण आंतरराष्ट्रीय आकडेवारीत त्याच इयत्ता निम्न माध्यमिक स्तरात मोजल्या जातात आणि नववी-दहावी त्याच्या वरच्या स्तरात जातात. एका देशाचा आकडा देशांतर्गत अहवालातून आणि दुसऱ्याचा आंतरराष्ट्रीय तक्त्यातून घेतला, तर तुलना पहिल्याच पायरीवर फसते.

एका देशात हा टप्पा तीन वर्षांचा आणि दुसऱ्यात सहा वर्षांचा असेल तर काय करावे?

ही अडचण काल्पनिक नाही. जपानमध्ये निम्न माध्यमिक शाळा तीन वर्षांची आहे, फ्रान्समध्ये चार वर्षांची आहे, आणि जर्मनीत हा टप्पा पाचवी ते दहावी असा सहा वर्षांचा मानला जातो. जपान आणि जर्मनी यांनी या टप्प्यावर जीडीपीचा किती भाग खर्च केला एवढेच पाहिले, तर जर्मनीचा आकडा मोठा दिसण्याचे एक कारण हे की तेथे त्या रकमेत दुप्पट इयत्ता बसतात. त्यात औदार्याचा भाग किती आणि इयत्तांच्या संख्येचा भाग किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही सोबत वापरावेत. पहिला म्हणजे एका विद्यार्थ्यावर एका वर्षात होणारा खर्च काढणे, म्हणजे टप्प्याच्या लांबीचा थेट परिणाम निघून जातो. दुसरा म्हणजे ठरावीक वयोगटातील मुलावर होणारा एकत्रित खर्च मोजणे, उदाहरणार्थ अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या काळात एका मुलामागे सरकारने एकूण किती रक्कम खर्च केली ते पाहणे. त्यासाठी काही वर्षे प्राथमिकच्या दराने आणि काही वर्षे निम्न माध्यमिकच्या दराने मोजावी लागतात. कष्ट वाढतात, पण दोन देशांतील एकाच वयाची मुले खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात. मला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण मुलाचे वय दोन्ही देशांत सारखेच वाढते. इयत्तांच्या सीमा मात्र प्रशासनाने आखलेल्या असतात.

‘सरकारी खर्च’ यात कोणत्या सरकारचा खर्च धरतात?

केंद्र, राज्य किंवा प्रांत, आणि स्थानिक स्वराज्य संस्था अशा सर्व पातळ्यांचा. केवळ राष्ट्रीय अंदाजपत्रक पाहून तुलना करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. जर्मनीत शिक्षण हा सोळा राज्यांचा विषय असून शिक्षकांचे पगार राज्ये देतात, तर इमारती आणि शिक्षकेतर कर्मचारी यांचा भार मुख्यतः नगरपालिका व जिल्हे उचलतात. बर्लिनमधील संघीय शिक्षण मंत्रालयाचे अंदाजपत्रक पाहून तेथील शाळांवरील खर्च समजून घेता येणार नाही. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणातील शिक्षकांच्या पगाराचा एक तृतीयांश भाग राष्ट्रीय तिजोरीतून येतो. २००६ पूर्वी हा वाटा निम्मा होता. म्हणजे २००६ मध्ये राष्ट्रीय सरकारच्या खर्चात जी घट दिसते, तिचा अर्थ शाळांचा पैसा कमी झाला असा नसून भार प्रांतांकडे सरकला असा आहे.

सर्व पातळ्या एकत्र करताना तोच रुपया, तोच येन दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. केंद्राने राज्याला दिलेले अनुदान केंद्राच्या खर्चातही दिसते आणि राज्याने ते शाळेवर खर्च केल्यावर राज्याच्या खर्चातही. युनेस्को सांख्यिकी संस्थेच्या तक्त्यांत अशी हस्तांतरणे वजा केलेली असतात. स्वतः बेरीज करणाऱ्याने ती वजा करायला विसरू नये. परदेशातून सरकारला मिळालेली मदत सरकारमार्फत शिक्षणावर खर्च झाली असेल, तर ती सरकारी खर्चात धरली जाते. मदतीवर बऱ्याच अंशी अवलंबून असलेल्या देशाची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

तुलनेसाठी कोणते माप निवडावे?

प्रचारात मुख्यतः चार मापे आहेत : जीडीपीतील वाटा, एकूण सरकारी शिक्षणखर्चातील वाटा, प्रतिविद्यार्थी खर्च क्रयशक्तीनुसार समान केलेल्या (म्हणजे देशादेशांतील किमतींचा फरक काढून टाकलेल्या) डॉलरमध्ये, आणि प्रतिविद्यार्थी खर्च दरडोई जीडीपीच्या टक्केवारीत. ही चारही मापे बरोबर आहेत, पण ती चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. जीडीपीतील वाटा देशाच्या अर्थव्यवस्थेवरील भार सांगतो. शिक्षणखर्चातील वाटा टप्प्याटप्प्यांतील प्राधान्यक्रम दाखवतो. डॉलरमधील प्रतिविद्यार्थी खर्चावरून मुलापर्यंत किती वस्तू आणि सेवा पोहोचतात याचा अंदाज येतो, तर दरडोई जीडीपीशी त्याचे प्रमाण पाहिले म्हणजे देशाच्या ऐपतीच्या मानाने मुलामागे किती केले जाते ते समजते.

शिक्षणखर्चातील वाट्याबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हा वाटा घटला म्हणजे निम्न माध्यमिककडे दुर्लक्ष झाले, असे लिहिले जाते. प्रत्यक्षात विद्यापीठांवरील खर्च वाढल्यामुळे बेरीज मोठी झाली आणि या टप्प्याची रक्कम तशीच राहिली, असेही घडलेले असते.

मापे बदलली की निष्कर्ष इतका का बदलतो? एखादे उदाहरण द्याल का?

दोन काल्पनिक देश घेऊ. देश ‘क’ चा दरडोई जीडीपी ४०,००० डॉलर आहे आणि तो निम्न माध्यमिकच्या एका विद्यार्थ्यावर वर्षाला ९,००० डॉलर खर्च करतो. देश ‘ख’ चा दरडोई जीडीपी ८,००० डॉलर आहे आणि त्याचा प्रतिविद्यार्थी खर्च १,६०० डॉलर आहे. ‘क’ मध्ये या टप्प्यातील विद्यार्थी लोकसंख्येच्या ३ टक्के आहेत, ‘ख’ मध्ये ६ टक्के.

आता पाहा. ‘क’ चा प्रतिविद्यार्थी खर्च दरडोई जीडीपीच्या २२.५ टक्के आहे, ‘ख’ चा २० टक्के. डॉलरमध्ये मोजले तर ‘क’ साडेपाच पटींहून अधिक खर्च करतो. पण जीडीपीतील वाटा काढला तर ‘क’ चा ०.६७५ टक्के निघतो आणि ‘ख’ चा १.२ टक्के. पहिल्या मापात दोघे जवळपास बरोबरीत आहेत, दुसऱ्यात ‘क’ फार पुढे आहे आणि तिसऱ्यात ‘ख’ जवळपास दुप्पट उदार दिसतो. तीनही आकडे खरे आहेत आणि त्यांना जोडणारे सूत्र साधे आहे : जीडीपीतील वाटा म्हणजे दरडोई जीडीपीच्या प्रमाणात प्रतिविद्यार्थी खर्च गुणिले लोकसंख्येतील विद्यार्थ्यांचे प्रमाण.

विद्यार्थ्यांचे हे प्रमाणसुद्धा आणखी उलगडता येते. ‘क’ मध्ये एकेका वर्षाच्या वयाची मुले लोकसंख्येच्या १ टक्का आहेत, टप्पा तीन वर्षांचा आहे आणि सगळी मुले शाळेत आहेत, म्हणून ३ टक्के. ‘ख’ मध्ये एकेका वयाची मुले २ टक्के आहेत, टप्पा चार वर्षांचा आहे, पण शंभरातील पंचाहत्तर मुलेच शाळेत आहेत, म्हणून ६ टक्के. म्हणजे ‘ख’ चा मोठा दिसणारा वाटा तरुण लोकसंख्येतून आणि लांब टप्प्यातून आलेला आहे, आणि शाळेबाहेर राहिलेल्या पंचवीस टक्के मुलांमुळे तो खाली ओढला गेला आहे. उद्या ‘ख’ ने तीही मुले शाळेत आणली आणि एकूण रक्कम तेवढीच ठेवली, तर विद्यार्थी ८ टक्के होतील आणि प्रतिविद्यार्थी खर्च १,२०० डॉलरवर उतरेल. तक्त्यात ती घसरण दिसेल. ज्या वर्षी त्या देशाने सर्वांत मोठे काम केले, त्याच वर्षी त्याच्यावर टीका होईल. प्रतिविद्यार्थी खर्चासोबत पटनोंदणीचे प्रमाण लिहिल्याशिवाय कोणतीही तुलना प्रसिद्ध करू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

बाजारातील विनिमय दर वापरले तर काय बिघडते?

विनिमय दर व्यापार, व्याजदर आणि भांडवलाच्या ओघावर हलतात. शाळांचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ११५ येन पडत होते, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हा दर १५० येनपर्यंत गेला. त्या दहा महिन्यांत जपानमधील वर्ग, शिक्षक आणि पगार जवळपास होते तसेच राहिले, तरी बाजारदराने डॉलरमध्ये मोजणाऱ्याला प्रतिविद्यार्थी खर्च सुमारे पाव हिश्श्याने घटलेला दिसला असता.

म्हणून क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे पीपीपीचे दर वापरतात. विविध देशांतील वस्तू आणि सेवांच्या किमती गोळा करून हे दर आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या फेऱ्यांमधून काढले जातात. २०२१ या वर्षासाठीच्या फेरीचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या फेरीनंतर मागील वर्षांचे आकडेही सुधारले जातात, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी उतरवून घेतलेले दोन तक्ते एकत्र जोडू नयेत.

पीपीपी वापरले म्हणजे तुलना निर्दोष झाली का?

पूर्णपणे नाही. जीडीपीसाठीचा पीपीपी दर संपूर्ण अर्थव्यवस्थेतील किमतींवर आधारलेला असतो. त्यात यंत्रे, इंधन, घरभाडे सगळे येते. शाळेच्या खर्चाचा बहुतांश भाग मात्र पगारांचा असतो. ‘ओईसीडी’ या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत शाळांच्या चालू खर्चापैकी (म्हणजे इमारतींसारखा भांडवली खर्च सोडून) साधारण तीन चतुर्थांशांच्या आसपास रक्कम कर्मचाऱ्यांवर जाते. शिक्षकाचा पगार देशातील इतर सुशिक्षित नोकरदारांच्या पगारासोबत वाढतो, कारण तसा तो वाढला नाही तर चांगली माणसे या पेशाकडे वळत नाहीत. त्यामुळे श्रीमंत देशाचा डॉलरमधील प्रतिविद्यार्थी खर्च जास्त दिसतो त्याचा मोठा भाग तेथे शिक्षक महाग आहे एवढेच सांगतो. दरडोई जीडीपीशी असलेले प्रमाण ही त्रुटी बऱ्याच अंशी भरून काढते. पण त्या प्रमाणातही जीडीपी एखाद्या वर्षी आक्रसला तर खर्च न वाढताच टक्केवारी वाढते. २०२० च्या महामारीच्या वर्षाचे आकडे वाचताना हे विशेष पाहावे.

एकाच शाळेत प्राथमिक आणि निम्न माध्यमिक वर्ग भरत असतील तर खर्च कसा विभागतात?

फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क येथे नऊ वर्षांचे सलग मूलभूत शिक्षण एकाच व्यवस्थेत दिले जाते. हिशेबाच्या वह्यांमध्ये तेथे निम्न माध्यमिक असे वेगळे खाते नसतेच. अन्य काही देशांत हाच टप्पा उच्च माध्यमिकसोबत एका छताखाली असतो. अशा वेळी खर्चाची विभागणी अंदाजाने करावी लागते आणि त्या अंदाजाची पद्धत निष्कर्ष फिरवू शकते.

समजा एका शाळेत पहिली ते सहावीचे ६०० आणि सातवी ते नववीचे ३०० विद्यार्थी आहेत आणि वर्षाचा खर्च ९० लाख आहे. पटसंख्येनुसार विभागले तर वरच्या वर्गांच्या वाट्याला ३० लाख येतात आणि दोन्ही टप्प्यांचा प्रतिविद्यार्थी खर्च सारखाच, १०,००० निघतो. तो सारखा निघणारच होता, कारण पद्धतीनेच तो सारखा केला आहे. आता शिक्षकसंख्येनुसार विभागू. खालच्या वर्गांना ३० आणि वरच्यांना २० शिक्षक असतील, तर वरच्या वर्गांकडे ४० टक्के, म्हणजे ३६ लाख जातात. त्यांचा प्रतिविद्यार्थी खर्च १२,००० आणि खालच्यांचा ९,००० होतो. विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा यांमुळे वरचे वर्ग महाग पडतात, ही वस्तुस्थिती दुसऱ्या पद्धतीत उतरते, पहिलीत पुसली जाते. एखाद्या देशाच्या तक्त्यात प्राथमिक आणि निम्न माध्यमिक यांचे प्रतिविद्यार्थी आकडे संशयास्पद रीतीने सारखे दिसले, तर पटसंख्येने विभागणी झाली आहे का ते टिपांमध्ये शोधावे.

शाळेचा प्रकार आणि शिक्षणाचा स्तर हे नेहमी एकमेकांवर बसत नाहीत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे, तर जर्मनीच्या इतर बहुतेक राज्यांत चार वर्षांची. एका देशाच्या आतच ही स्थिती असेल, तर दोन देशांत काय होईल याची कल्पना यावी.

एकाच देशासाठी दोन विश्वसनीय ठिकाणी वेगवेगळे आकडे का सापडतात?

बहुधा दोन वेगळ्या वर्गीकरणांमुळे. सरकारच्या कामांचे संयुक्त राष्ट्रांचे ‘कोफॉग’ नावाचे वर्गीकरण वित्तीय आकडेवारीत वापरतात. त्यात शिक्षण हा नववा विभाग असून निम्न माध्यमिकला त्यात स्वतंत्र उपगट आहे. मात्र विद्यार्थ्यांची वाहतूक, भोजन, निवास यांसाठी कोफॉगमध्ये शिक्षणाच्याच विभागात वेगळा गट केलेला आहे, त्यामुळे हा खर्च निम्न माध्यमिकच्या उपगटात दिसत नाही. याउलट युनेस्को, ओईसीडी आणि युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट मिळून जी शैक्षणिक आकडेवारी गोळा करतात, तिच्यात शाळांनी पुरवलेल्या अशा पूरक सेवा त्या त्या टप्प्याच्या खर्चात मिळवल्या जातात. शाळेत जेवण देणाऱ्या देशासाठी हा फरक लहान नसतो.

येथेही देशागणिक बारकावे आहेत. जपानमध्ये १९५४ च्या शालेय भोजन कायद्यानुसार स्वयंपाकघर आणि कर्मचारी यांचा खर्च शाळा चालवणाऱ्या संस्थेने करायचा आणि अन्नसामग्रीचा खर्च पालकांनी, अशी मूळ रचना आहे. म्हणजे एकाच ताटाचा काही भाग सरकारी खर्चात मोजला जातो आणि काही भाग कुटुंबाच्या. दोन्ही देशांचे आकडे एकाच वर्गीकरणातून घ्यावेत. ते शक्य नसेल तर तुलना करू नये.

खासगी शाळांना दिलेले अनुदान यात येते का?

होय, सरकारी खर्चात ते येते. नेदरलँड्समध्ये १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून खासगी संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने निधी मिळतो आणि बहुसंख्य मुले अशाच शाळांत शिकतात. चिलीमध्ये १९८१ पासून विद्यार्थ्यामागे ठरावीक अनुदान शाळेला देण्याची व्यवस्था आली. अशा देशांसाठी भाजक कोणता घेतला हे कळीचे ठरते : सरकारी खर्चाला सर्व विद्यार्थ्यांनी भागले की केवळ सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांनी? विनाअनुदानित खासगी शाळांत मोठा वर्ग शिकत असलेल्या देशात सर्व विद्यार्थ्यांनी भागले, तर सरकारी शाळेतील मुलावर होणारा खर्च आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न कोठे येतो?

शिक्षक आज काम करतो आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा खर्च पुढे येतो. काही देशांत नियोक्ता दरमहा निवृत्तिवेतन निधीत हप्ता भरतो आणि तो आजच्या खर्चात दिसतो. जर्मनीतील शासकीय दर्जाच्या शिक्षकांसाठी बहुतांशी असा हप्ता भरला जात नाही, निवृत्तिवेतन पुढच्या अंदाजपत्रकांतून दिले जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय आकडेवारीत त्यांच्यासाठी अंदाजित हप्ता मिळवतात. देशांतर्गत हिशेबात तो नसतो, आणि हे न पाहता दोन आकडे ताडून पाहिले तर एकाच देशाच्या खर्चात मोठी विसंगती दिसू लागते.

भांडवली खर्च धरावा की वगळावा?

दोन्ही आकडे द्यावेत, पण तुलनेचा भर चालू खर्चावर ठेवावा. नवीन शाळा ज्या वर्षी बांधली जाते त्या वर्षी खर्च उसळतो आणि पुढची चाळीस वर्षे ती इमारत फुकट असल्यासारखी दिसते. भांडवली खर्च धरायचाच असेल तर किमान पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

अंदाजपत्रकातील तरतूद वापरता येईल का?

शक्यतो नाही. तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे असतात आणि त्यांतील अंतर देशागणिक बदलते. एका देशाची तरतूद आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष खर्च कधीही एकत्र ठेवू नये. वर्षाच्या सीमाही पाहाव्यात : जपानचे आर्थिक वर्ष आणि शालेय वर्ष दोन्ही एप्रिलमध्ये सुरू होतात, जर्मनीचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते पण शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर भरतात. त्यामुळे जर्मनीच्या एका आर्थिक वर्षाला दोन शालेय वर्षांतील पटसंख्येची भारित सरासरी जुळवावी लागते.

तक्त्यात रकाना रिकामा असेल तर?

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. माहिती उपलब्ध नाही, लागू नाही, किंवा ती दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यात मिसळलेली आहे, यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र खूण असते. तिसरी शक्यता सर्वांत घातक आहे, कारण तेव्हा शेजारचा प्राथमिक किंवा उच्च माध्यमिकचा आकडा फुगलेला असतो आणि तो वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

निम्न माध्यमिकवर किती खर्च व्हावा याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे का?

या टप्प्यासाठी वेगळा दंडक नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथील जाहीरनाम्यानंतर स्वीकारलेल्या ‘शिक्षण २०३०’ कृती आराखड्यात जीडीपीच्या किमान ४ ते ६ टक्के आणि/किंवा एकूण सरकारी खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे म्हटले आहे, पण ते संपूर्ण शिक्षणाबद्दल आहे. ते प्रमाण टप्प्यांच्या संख्येने भागून निम्न माध्यमिकचा दंडक तयार करणे चुकीचे आहे.

प्रतिविद्यार्थी खर्चात फरक आढळला. तो कशामुळे, हे कसे शोधावे?

येथे खरा अभ्यास सुरू होतो. एका विद्यार्थ्यामागील शिक्षकखर्च चार गोष्टींवर ठरतो : शिक्षकाचा वार्षिक पगार, विद्यार्थ्याचे वर्षभरातील अध्ययनाचे तास, शिक्षकाचे वर्षभरातील अध्यापनाचे तास आणि वर्गाचा आकार. पगार आणि अध्ययनाचे तास वाढले की खर्च वाढतो. शिक्षकाचे अध्यापनाचे तास आणि वर्गाचा आकार वाढला की तो कमी होतो. ओईसीडीचे वार्षिक शिक्षण अहवाल हेच विश्लेषण करतात.

एका देशात विद्यार्थ्याला वर्षाला ९०० तास शिकवले जाते, शिक्षक ६०० तास शिकवतो आणि वर्गात २४ मुले आहेत असे समजू. एका वर्गाला दीड शिक्षक लागतात, म्हणजे एका शिक्षकामागे १६ विद्यार्थी. दुसऱ्या देशात अध्ययनाचे तास तेवढेच आहेत, वर्गात ३२ मुले आहेत, पण शिक्षक ४५० तासच शिकवतो. तेथे एका वर्गाला दोन शिक्षक लागतात, आणि शिक्षकामागे पुन्हा १६ विद्यार्थीच येतात. पगार सारखा असेल तर खर्चही सारखाच होतो. पण दोन्ही ठिकाणच्या मुलांचा आणि शिक्षकांचा दिवस मात्र अगदी वेगळा असतो. पहिल्या देशाने पैसा लहान वर्गासाठी वापरला, दुसऱ्याने शिक्षकाला वर्गाबाहेर वेळ देण्यासाठी.

ही निवड प्रत्यक्षातही दिसते. जपानमधील निम्न माध्यमिक वर्ग ओईसीडी देशांतील मोठ्या वर्गांपैकी आहेत आणि तेथील शिक्षक वर्गात तुलनेने कमी तास शिकवतात. तरीही २०१८ च्या ‘तालिस’ या आंतरराष्ट्रीय शिक्षक सर्वेक्षणात जपानमधील निम्न माध्यमिक शिक्षकांचा आठवड्याचा कामाचा वेळ सहभागी देशांत सर्वाधिक, ५६ तास नोंदला गेला; क्रीडा मंडळे, कार्यालयीन काम आणि तयारी यांत तो जातो. त्या जादा तासांचा पुरता मोबदला पगारात उतरत नसेल, तर सरकारी खर्चाचा आकडा शिक्षकाच्या श्रमाचा एक मोठा भाग दाखवतच नाही. खर्चाच्या तक्त्यांकडे केवळ अर्थशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

लोकसंख्येतील बदलांचा काळानुसार तुलनेवर काय परिणाम होतो?

मोठा होतो, आणि तो काही वर्षे आधी सांगता येतो. जपानमध्ये २०१६ साली जन्मलेल्या बालकांची संख्या प्रथमच दहा लाखांच्या खाली गेली. ती मुले २०२९ च्या सुमारास निम्न माध्यमिक शाळेत येतील. मुले कमी झाली तरी शाळा आणि शिक्षक त्याच वेगाने कमी होत नाहीत, त्यामुळे धोरणात काहीही न बदलता प्रतिविद्यार्थी खर्च वाढतो. उलट जर्मनीत २०२२ नंतर युक्रेनमधून आलेल्या मुलांना वर्षाच्या मध्यात वर्गांत सामावून घ्यावे लागले. अशा दोन देशांचे कल शेजारी काढताना एकूण खर्च आणि पटसंख्या यांचे आलेख वेगळे दाखवावेत, आणि महागाई काढून टाकलेल्या स्थिर किमती वापराव्यात.

जास्त खर्च करणाऱ्या देशातील मुले अधिक शिकतात का?

काही मर्यादेपर्यंत संबंध दिसतो. ओईसीडीच्या ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांची मुले असतात, म्हणजे बहुतेक देशांत निम्न माध्यमिक संपवणारी किंवा नुकतीच संपवलेली. २०२२ च्या चाचणीच्या विश्लेषणानुसार सहा ते पंधरा वर्षे या वयात एका मुलावर झालेला एकत्रित खर्च सुमारे ७५,००० डॉलरपर्यंत असलेल्या देशांत खर्च आणि गुण सोबत वाढताना दिसतात. त्यापुढे हा संबंध विरळ होतो. यावरून पैसा निरर्थक आहे असा अर्थ काढणे गैर आहे, विशेषतः ज्या देशांचा खर्च त्या रकमेच्या आसपासही नाही त्यांच्याबाबत. शिवाय ही तुलना देशादेशांमधील आहे. एखाद्या देशाने खर्च वाढवला तर त्याच देशात काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो.

कुटुंबे करतात तो खर्च वगळणे योग्य आहे का?

सरकारी खर्चाच्या तुलनेत तो वगळलेलाच असतो, पण त्याचा उल्लेख टाळू नये. शुल्क, गणवेश, पुस्तके, प्रवास आणि खासगी शिकवण्या यांचा भार काही देशांत घरांवर फार मोठा आहे. दक्षिण कोरियातील खासगी शिकवण्यांवरील खर्चाची तर सरकारच दरवर्षी पाहणी करून आकडे जाहीर करते. एका देशात सरकार पाठ्यपुस्तके मोफत देते, दुसऱ्यात पालक ती विकत घेतात. मुलाच्या हातात दोन्हीकडे पुस्तक असते, पण सरकारी खर्चाचा तक्ता पहिल्या देशालाच श्रेय देतो. गरीब घरातील मुलीने याच टप्प्यावर शाळा सोडण्यामागे अनेकदा हाच न मोजलेला खर्च असतो.

तुलना प्रसिद्ध करताना आकड्यासोबत किमान काय नोंदवावे?

दोन्ही देशांतील या टप्प्याच्या इयत्ता आणि वर्षे, वर्गीकरणाचे नाव, आर्थिक वर्ष, प्रत्यक्ष खर्च की तरतूद, चालू की एकूण खर्च, भाजकातील विद्यार्थी कोणते, पीपीपी दर कोणत्या फेरीचा आणि पटनोंदणीचे प्रमाण किती. तक्ता उतरवून घेतल्याची तारीखही लिहावी, कारण युनेस्को आणि जागतिक बँक यांच्या संकेतस्थळांवरील जुन्या वर्षांचे आकडे नंतर सुधारले जातात आणि तारीख नसेल तर वाचकाला तोच आकडा पुन्हा पडताळता येत नाही.